डबाभर नवस, अगदी स्वस्तात

देशाचा वारसा वाचवायचा, पण स्वस्तात वाचवायचा, असं मी एका शनिवारी सकाळी इडली खाताना ठरवलं.

स्वस्तात अशासाठी, की माझ्याकडे पैसे नव्हते. आणि वारसा अशासाठी, की माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ग्लासगोहून संग्रहालयशास्त्राची पदवी घेऊन मी चेन्नईला परतलो, तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेल्या अप्पांनी विचारलं होतं, "म्हणजे आता तू नक्की काय करणार?"

"लोकांना त्यांचा भूतकाळ परत देणार," मी म्हणालो.

अप्पा सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ट्रॉली ढकलता ढकलता एवढंच विचारलं, "त्याची पावती कोण देणार?"

तर माझा बेत असा होता. एक जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात काचेची कपाटं बसवायची आणि नाण्यांचं फिरतं संग्रहालय शाळाशाळांतून न्यायचं. मुलांनी नाणं हातात घ्यायचं आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा. (माझ्या अंगावर तर हा बेत नुसता सांगतानाच येतो.) सिरुसेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने समाजकार्यासाठी निधी बाजूला ठेवला होता आणि मंगळवारी मला बोलावलं होतं. त्यांना पटलं तर व्हॅन. नाही पटलं तर अप्पांनी माझ्यासाठी विमा एजंटाच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली होती. कव्हरं घालून.

अडचण एकच. संग्रहालय म्हटलं की संग्रह लागतो. माझा संग्रह म्हणजे स्कॉटलंडमध्ये बसच्या तिकिटासाठी ठेवलेली आणि खर्चायची राहून गेलेली मूठभर चिल्लर.

"मंगळवारी प्रेझेंटेशन आणि शनिवारी तू माल शोधायला निघालास?" बूट घालता घालता स्वरदा म्हणाली. स्वरदा माझी बायको. मूळची नाशिकची. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करते, आणि घरी आली की आमचं. "बफर किती ठेवलायस?"

"स्वरदा, वारशाला बफर नसतो."

"मग निदान पाण्याची बाटली ने," असं म्हणून ती अशोक पिलरला कंपनीची बस पकडायला गेली.

पॅरीज कॉर्नरच्या मागच्या एका गल्लीत जुन्या नाण्यांची दोन-तीन दुकानं आहेत. अशा दुकानांत स्वस्त माल कसा मिळवावा यावर मी परदेशी तज्ज्ञांचं पुष्कळ वाचलं होतं. पहिला नियम: हवी ती वस्तू सोडून सगळीकडे बघायचं. दुसरा: काचेखालच्या मालाला हात लावायचा नाही, खरी रत्नं पायाखालच्या खोक्यात असतात. तिसरा: चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही. हे तिन्ही नियम मी आरशासमोर करून बघितले होते. तिसरा करताना अम्माने विचारलं होतं, "पोटात दुखतं काय की रे राजा?"

(आमचे पूर्वज तंजावरला आले तेव्हाची मराठी अम्मा अजून बोलते, अधूनमधून तमिळची फोडणी देऊन. स्वरदा लग्न होऊन घरात आली तेव्हा मराठी सासू आणि मराठी सून पहिला महिनाभर एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या.)

दुकानदाराचं नाव गुरुमूर्ती. भस्माचे ठसठशीत पट्टे आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी काचेखालच्या एका सोन्याच्या मोहरेची किंमत विचारली, ऐकून सुस्कारा टाकला (हा चौथा नियम), आणि मग सहज नजर खाली नेली. दाराजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. झाकण जरा उघडं होतं. आत छोट्या छोट्या पिवळ्या पुरचुंड्या दिसत होत्या.

"त्यात काय आहे?" मी जांभई देत विचारलं.

गुरुमूर्तीने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "तंबी, तुम्हाला तो डबा... हवाय?"

"हवाय असं नाही. बघतोय नुसता."

"बघा ना! उचलून बघा! जुनी नाणी आहेत. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्याच घरी शोभतील." त्याने एक किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली.

"घ्या," तो म्हणाला.

आता हे वाईट झालं. निम्म्याला लगेच 'घ्या' म्हणाला म्हणजे मी पाव सांगायला हवी होती. म्हणून मी म्हणालो, "निम्मी म्हणजे मला तशी पाव म्हणायची होती."

"घ्या."

"आणि पिशवी?"

"ही घ्या ना, कापडी घ्या." एवढ्यावर तो थांबला नाही. रस्त्यावर येऊन त्याने स्वतः ऑटो थांबवली आणि जास्त भाडं मागणाऱ्या ड्रायव्हरशी माझ्या वतीने कडाकडा भांडला. ऑटो सुरू झाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. गुरुमूर्ती दुकानाच्या उंबऱ्यावर नारळ फोडत होता.

मला गहिवरून आलं. पश्चिमेत दुकानदार गिऱ्हाइकाला 'हॅव अ नाइस डे' म्हणतात. आपल्याकडे नारळ फोडतात!

एका सिनेमाच्या तिकिटाच्या पैशात अख्खा डबा. घरी कुणी नव्हतं. अम्मा-अप्पा कुंभकोणमला एका मुंजीला गेले होते, संध्याकाळी येणार होते. मी पांढरे हातमोजे चढवले, जेवणाच्या टेबलावर मऊ कापड पसरलं आणि डबा उघडला.

प्रत्येक नाणं हळदीच्या कापडात वेगळं बांधलेलं. प्रत्येकाला गाठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोण असेल हा संग्राहक! तिकडे आम्हाला नाण्यांसाठी आम्लविरहित कागद, तापमान, आर्द्रता शिकवत होते. आणि इकडे तमिळनाडूतल्या कुणा अनामिक माणसाने प्रत्येक नाण्याला हळदीचं जंतुनाशक वेष्टन दिलं होतं! मी मोबाइलवर नोंद बोललो: "देशी संवर्धन पद्धती. जगाला अज्ञात." आणि एक एक गाठ सोडत गेलो.

भोकाचा पैसा निघाला. नया पैसा निघाला. एक अशोकस्तंभाचा रुपया. आणि मग, एका गच्च, काळपट गाठीतून, नखाएवढं तांब्याचं नाणं निघालं. त्यावर झिजलेली देवनागरी अक्षरं. नागरी! तमिळ मुलखात! मी भिंग लावलं, उजेडात नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि हातमोज्यासकट स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. तंजावरच्या मराठ्यांचं नाणं! (निदान मला तसं वाटलं. भिंगातून माणसाला जे हवं असतं तेच मोठं दिसतं.) आमच्याच पूर्वजांच्या कनवटीला असेल. एवढं एक नाणं मखमलीवर ठेवलं की सिरुसेरी जिंकली.

कापडं मात्र कळकट झाली होती. तीही ऐतिहासिक वस्तूच, म्हणून मी ती वॉशिंग मशीनमध्ये घातली. मशीन अर्धं रिकामं चालवणं पर्यावरणाला बरं नाही, म्हणून स्वरदाचे कारखान्याचे पांढरे शर्टही बरोबर घातले.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

संध्याकाळी अम्मा आल्या आल्या बाल्कनीत गेली आणि तिथूनच तिने जी हाक मारली तिला खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही 'ओ' दिली.

बाल्कनीत दोरीवर चार पिवळेधमक शर्ट वाळत होते, आणि त्यांच्या शेजारी ओळीने पिवळ्या चिंध्या.

"हे काय की रे?"

"अम्मा, शर्टांचं मी बघतो. स्वरदाला अजून सांगू नकोस."

"शर्ट मरो! हे मुडुपु कोणाचे?"

"कसले?"

अम्मा तिथेच स्टुलावर बसली. मग मला जे सांगण्यात आलं ते असं. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न जमेना, कुणी परीक्षेला बसलं की हळदीच्या कापडात एक नाणं बांधून तिरुपतीच्या व्यंकटेशाला नवस बोलायचा आणि गाठ देवघरात ठेवायची. त्याला म्हणायचं मुडुपु. काम झालं की गाठ घेऊन डोंगर चढायचा, बोललेलं फेडायचं आणि नाणं हुंडीत, म्हणजे देवळातल्या दानपेटीत, टाकायचं. तोवर त्या गाठीला कुणी हात लावत नाही.

(हे मला माहीत नसावं? आमच्या देवघरातही एक गाठ होती. पण मला दहाव्या वर्षी डेहराडूनच्या शाळेत घातलेलं. सुट्टीत यायचो तेव्हा मला वाटायचं, अम्मा हळकुंड बांधून ठेवते.)

"मणजे कोणा घरच्या पिढ्यान् पिढ्यांचे नवस तू विकत आणलास," अम्मा म्हणाली. "आणि सोडून धुतलास! मशीनीत!"

"हॅण्ड-वॉशवर लावलं होतं, अम्मा."

तेवढ्यात स्वरदा आली. तिने बूट काढले, दोरीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आमच्या लाइनवर पिवळा शर्ट कोण घालतं, माहितीये? पाहुणे. म्हणजे सोमवारी मला माझ्याच डिपार्टमेंटमध्ये कुणीतरी फिरवून आणणार."

"कापडं परत बांधूया!" मी सुचवलं. "नाणी आहेत, कापडं आहेत. स्वच्छ आहेत."

"बांधलं त्यानं सोडायचं," अम्मा म्हणाली. "दुसऱ्यानं सोडलं की नवस त्याचा." हा नियम पूर्वीपासून होता की तिने तिथेच केला, मला माहीत नाही. पण अप्पांना तो ताबडतोब पटला.

"फाइल ज्याच्या टेबलावर उघडली, त्याची," ते म्हणाले.

रविवारी सकाळी डबा घेऊन मी गुरुमूर्तीकडे धावलो. दुकान बंद, पण तो वरच राहत होता. गॅलरीत आला, माझ्या हातात डबा बघितला आणि तिथूनच दोन्ही हात जोडले.

"तंबी, एकदा विकलेला माल परत नाही."

"तुम्हाला माहीत होतं!"

"ह्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. जुन्या घराचं सामान एकगठ्ठा घेतलं, त्यात हा डबा आला. भंगारवाला घेईना. चोरसुद्धा घेईना, एकदा दुकान फोडलं, सगळं नेलं आणि हा डबा नीट बाजूला ठेवून गेला."

"मग ते घर कुठंय? ज्यांचं त्यांना देतो."

"घर पाडलं, तंबी. तिथे पार्किंग आहे. माणसं ऑस्ट्रेलियात." तो कठड्यावरून वाकला. "खरं सांगू? तुम्ही आणखी थोडी घासाघीस केली असतीत ना, तर मीच तुम्हाला पैसे दिले असते."

आयुष्यात पहिल्यांदा मला दुकानदाराने माझ्या घासाघिशीतली चूक समजावून सांगितली.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कोर्ट बसलं. प्रश्न असा: नवस फेडायचे, पण नेमके कुठले? बोललेलं कुणालाच माहीत नाही. इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी वाद घालायला बसलो होतो, पण पाचच मिनिटांत मला इतका आनंद झाला की वाद राहूनच गेला. वस्तू बघायची आणि तिच्यामागचा माणूस ओळखायचा, हेच तर मी शिकून आलो होतो! आणि माझं अख्खं घर, आपण होऊन, भात कालवताना तेच करत होतं.

"हा भोकाचा पैसा," अम्मा म्हणाली. "लढाईचा काळ. बाँबच्या भीतीनं मद्रास सोडून उदंड लोक गावी गेले होते. घर शाबूत राहू दे मणून बांधला असणार."

"प्रदक्षिणा," अप्पांनी निकाल दिला.

"नया पैसा?"

"नवा हिशेब कळेना म्हणून आमच्याच खात्यातल्या कुणीतरी बांधला असेल. याला नुसती हुंडी पुरे."

रुपया हातात घेऊन अप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला. "हा टेलिफोनचा."

"कशावरून?" स्वरदाने विचारलं.

"त्या सालात माणूस रुपया बांधून दुसरं काय मागेल? मीही मागितला होता. फोन आला तेव्हा ज्याला करायचा होता तो मित्र शेजारच्या गल्लीत राहायला आला होता." त्यांनी रुपया खाली ठेवला. "याला डोंगर पायी चढायचा."

शेवटी तांब्याचं नाणं आलं. माझं नाणं. खरं म्हणजे मी तेव्हा तोंड मिटून बसायला हवं होतं. अम्मालाही काही सुचत नव्हतं, ती म्हणालीसुद्धा, "ह्याचं काही कळत नाही बाबा. नुसती हुंडी मणूया."

पण मी त्या काळपट कापडाच्या गाठीवर भिंग धरलं होतं आणि माझ्यातला संशोधक जागा झाला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "गाठीत केस आहे! बघा, मशीनमध्येही सुटला नाही, म्हणजे मुद्दाम नाण्याबरोबर बांधलाय! बारीक, मऊ, लहान मुलाचा असणार. मूल आजारी असेल. आईने बटेतला एक केस काढून नाण्याबरोबर बांधला. म्हणजे हा नवस निःसंशय... निःसंशय..."

मी थांबलो. टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे तसे माझ्याकडे नाही, थोडं वर.

"केस देण्याचा," अम्माने माझं संशोधन पूर्ण केलं.

माझे केस पाच वर्षं वाढवलेले होते. मागे घट्ट अंबाडा. ग्लासगोत त्यावरून लोक मला ओळखत. लग्नाला होकार देताना केस हा मुद्दा आपण विचारात घेतला होता, हे स्वरदाही नाकारत नाही.

"मंगळवारी माझं प्रेझेंटेशन आहे!"

"दुसरं कोण देणार?" अम्मा म्हणाली. आम्ही सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी आपल्या तुळतुळीत टाळूवरून हात फिरवला. "माझं सगळं आधीच जमा आहे," ते म्हणाले.

मग मी स्वरदाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तो विषय तिथेच संपला.

तासभर तडजोड चालली. बायका तिरुमलाला पूर्ण केस न देता कात्रीने तीन बटा देतात, हे स्वरदाने फोनवर शोधून काढलं. अप्पा म्हणाले, अंशतः पूर्तता नियमात बसते. अम्मा म्हणाली, बरवं, मूल कोणाचं होतं ते आपल्याला माहीत नाही, देव समजून घेईल. तीन बटा ठरल्या. पण नाणं मात्र हुंडीत.

"अम्मा, ते नाणं जगात कदाचित एकच असेल! त्याच्या जागी दहाचं नवीन टाकतो. शंभर टाकतो!"

"त्या आईनं हे बांधलं होतं," अम्मा म्हणाली. "दहाचं नक्को."

अप्पांनीही मान हलवली. "मूळ प्रतच लागते."

सोमवारी पहाटे आम्ही स्वरदाच्या गाडीतून निघालो. (तिने रजा टाकली होती. कारण विचारल्यावर तिने साहेबांना शर्टाचा फोटो पाठवला.) आणि निघण्यापूर्वी, बाथरूमच्या आरशासमोर, मी माझ्या आयुष्यातलं पहिलं दुष्कृत्य केलं. तांब्याचं नाणं मुठीत घेतलं, अंबाडा सोडला, नाणं मधोमध ठेवलं आणि अंबाडा परत घट्ट बांधला. हुंडीत दहाचं टाकणार होतो. मी स्वतःला बजावलं की हे पाप नाही, संवर्धन आहे. कापायच्या होत्या तीन बटा, कानाजवळच्या. अंबाड्याला कोण हात लावतो?

टेलिफोनचा डोंगर मी पायी चढलो. अम्मा-अप्पा आणि स्वरदा गाडीने वर पोचून, नाश्ता करून, एक झोप काढून माझी वाट बघत होते. केस देण्याच्या मोठ्या दालनात ओळीने न्हावी बसले होते. मी माझ्या न्हाव्याला बोटांनी दाखवलं: तीन. कात्री. एवढंसंच. तो समजूतदारपणे हसला. अम्मा जरा अंतरावर हात जोडून उभी होती.

न्हाव्याने कात्री घेतली. आणि केस मोकळे केल्याशिवाय बट धरता येत नाही म्हणून, अगदी सहज, माझा अंबाडा सोडला.

टण्.

नाणं फरशीवर पडलं, कडेवर उभं राहिलं, घरंगळत निघालं आणि एवढ्या मोठ्या दालनात दुसरीकडे कुठेही न जाता अम्माच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

न्हावी माझ्या डोक्यात आणखी काही आहे का ते चाचपून बघू लागला.

अम्माने वाकून नाणं उचललं, डोळ्यांना लावलं आणि अप्पांकडे बघितलं. अप्पांनी घसा साफ केला.

"सवलत रद्द," ते म्हणाले.

न्हाव्याला भाषांतराची गरज पडली नाही. त्याने कात्री खाली ठेवली आणि वस्तरा उचलला. माझी मिशी तेवढी वाचली. स्वरदा फोटो काढत होती. तिला म्हणे 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही लागतात.

हुंडीपाशी अम्माने ते नाणं माझ्याच हातात दिलं. मागून गर्दीचा रेटा होता, पुढे चला म्हणून ओरडा होता. मी हात आत घातला आणि मूठ उघडली. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. कपाटांत, पेट्यांत, मखमलीवर मी हजारो नाणी बघितली होती. पण एखादं नाणं जिथे जायला निघालं होतं तिथे पोचताना मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. (डोक्यावरही आला. तो पहिल्यांदाच दिसला.)

आणि मंगळवारी सिरुसेरी. गेटवरच्या सिक्युरिटीने माझं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, परत ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, "सार, हे ज्यांचं आहे त्यांना पाठवा."

मीटिंगरूममध्ये तिघं होते. प्रमुख होत्या संयुक्ता मॅडम. मी डोक्याला चंदन फासून, समोर मखमलीचा ट्रे उघडून उभा. ट्रेमध्ये नाण्यांसाठी केलेले खळगे होते. नुसते खळगे.

"नाणी कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"हुंडीत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग मी सगळं सांगून टाकलं. डबा, वॉशिंग मशीन, टेलिफोनचा रुपया, लहान मुलाचा केस. सांगता सांगता मी तापलो. म्हणालो, आम्ही वस्तू काचेत ठेवतो आणि समजतो की वाचवली. पण त्या गाठीत एक आई होती, आणि आम्ही भिंगातून फक्त धातू बघत होतो. संपलं तेव्हा मला विमा एजंटाची पुस्तकं दिसू लागली. कव्हरांसकट.

मग कोपऱ्यातल्या दाढीवाल्या गृहस्थाने हळूच लॅपटॉप मिटला. "माझ्या अमेरिकेच्या व्हिसासाठी अम्माने एक बांधला होता. व्हिसा आला. मी जाऊन परतसुद्धा आलो. गाठ अजून मदुरैला आहे."

"आमच्याकडे तीन आहेत," दुसरा म्हणाला. "एक तर कशासाठी होता तेच कुणाला आठवत नाही."

संयुक्ता मॅडमनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक पिवळी गाठ काढून टेबलावर ठेवली. "मुलाची शाळेतली ॲडमिशन," त्या म्हणाल्या. "तो आता नववीत आहे. मला रजाच मिळत नाही."

मग दाढीवाल्याने विचारलं, "हे स्केल होईल का?"

"काय?" मी म्हणालो.

"व्हॅन. दर महिन्याला आमच्या कॅम्पसमधून, मग पेरुंगुडी, मग पुढे. लोकांनी गाठी द्यायच्या, तुम्ही वर न्यायच्या."

"पण माझं नाण्यांचं संग्रहालय..."

"संग्रहालयच की! फिरतं!" मॅडम म्हणाल्या. निधी तिथल्या तिथे मंजूर झाला.

तर व्हॅन मिळाली. काचेची कपाटं बसवली आहेत. आत मखमलीवर पिवळ्या गाठी असतात, प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी. डोंगराच्या वाटेवर मी त्यांना चलनाचा इतिहास समजावून सांगतो. इतका लक्षपूर्वक ऐकणारा वर्ग मला कुठल्याही शाळेत मिळाला नसता. कंपनीपुढे मी तत्त्वाची अट मात्र एकच घातली होती आणि ती लेखी घेतली आहे: नाणी पोचवीन, पायऱ्या चढेन, प्रदक्षिणा घालीन; पण दुसऱ्या कुणासाठी परत डोकं देणार नाही.

काल मी देवघरातल्या पितळेच्या समया पुसत होतो. शेजारच्या खोलीत स्वरदा फोनवर कुणाशी तरी बोलत होती. कारखान्याचंच काम असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"नाही हो, आत्ता स्टॉक नाही," ती सांगत होती. "सकाळीच चेक केला, अर्धं पेरसुद्धा नाही. मार्चमध्ये डिलिव्हरी चालेल का? तुमच्या आधी दोन बुकिंग आहेत... हो, हो, समजू शकते, मुलीचं लग्न म्हणजे घाई असणारच." वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "मग असं करूया का? मिशी चालणार असेल, तर ती तयार आहे."